मोडण्याआधी नक्षी उतरवून घ्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस पणजीतल्या निळ्या-पांढऱ्या नावपाट्यांवरून वाद चालला आहे. काही वाचक म्हणतात, या पोर्तुगीज टाइल्स उखडून टाका, गुलामीची खूण कशाला हवी? काहींचे म्हणणे, फोंतेन्हासची, पणजीतल्या त्या जुन्या वस्तीची, ओळखच ती, पर्यटक तेच बघायला येतात. सगळी पत्रे मी मन लावून वाचली, कारण मी टाइल्सच रंगवते. शाळेत चित्रकला शिकवायचे; निवृत्त झाल्यावर म्हार्दोळच्या घरी मागच्या पडवीत विजेची छोटी भट्टी बसवली आणि तोच धंदा करून घेतला. माझे म्हणणे या दोन्ही गटांत बसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे. कात्री लावायची तर पर्यटकांविषयीच्या ओळींना लावावी.

आमच्या भागात एका सार्वजनिक जागेचे सुशोभीकरण झाले. कुठली जागा आणि कुणाचे काम, ते लिहीत नाही. असे एकाच ठिकाणी घडलेले नाही. निविदेत ‘पारंपरिक हस्तनिर्मित टाइल्स’ असे शब्द होते. दर मात्र चौरस मीटरवर, न्हाणीघराच्या टाइल्सना लावतात तसा. त्या दरात हाताने रंगवलेली टाइल देणारा माणूस गोव्यातच काय, कुठेही सापडायचा नाही. कंत्राटदाराने मग छापील आणल्या. उद्घाटनाला आम्हीही होतो. भाषणे चालू होती आणि मी भिंत बघत होते. निळी पाने, मध्ये पिवळे फूल. एका पानावर केसाएवढी बारीक भेग. शेजारच्या टाइलवर त्याच पानावर, त्याच जागी, तीच भेग. पलीकडेही तीच. भिंतभर तीच! कुणीतरी परदेशातल्या एका जुन्या तडकलेल्या टाइलचा फोटो इंटरनेटवरून उतरवला आणि तडा पुसण्याचीही तसदी न घेता तो यंत्राला दिला. दुसऱ्यांच्या भिंतीचे म्हातारपण आम्ही जीएसटी भरून नवे कोरे विकत घेतले.

छापील टाइलवर माझा राग नाही. आमच्या ओट्यामागे छापीलच आहे, पुसायला बरी पडते. राग याचा की त्या भिंतीसाठी नक्षी अशी कुणी आखलीच नव्हती. आणि आखणारे कुठून आणतील? ज्यावरून आखायची ते जुने नमुने दर उन्हाळ्यात आपण ट्रकात घालून भरावाला पाठवतो.

आधी ‘परके’ आणि ‘आपले’ याविषयी थोडे. बीदरला बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा आहे. त्याच्या दर्शनी भागावर इराणी कारागिरीच्या रंगीत टाइल्सचे तुकडे अजून चिकटून आहेत. तो मदरसा १४७२ च्या सुमाराचा, आणि याच गवानने बहमनींसाठी गोवा जिंकला तोही १४७२ मध्येच. म्हणजे आफोन्स द आल्बुकेर्क १५१० मध्ये येण्याच्या आधी गोव्यावर ज्यांचा अंमल होता, त्यांच्या दरबारात झिलईची टाइल चांगली मुरलेली होती. खुद्द पोर्तुगीजांना ही कला मिळाली ती स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या राजाने सेव्हिलहून टाइल्स मागवून सिंत्राचा राजवाडा सजवला. पुढे निळ्या-पांढऱ्याचे वेड लागले ते चिनी भांड्यांपायी आणि त्यांची नक्कल करणाऱ्या डच कारखान्यांपायी.

मला सगळ्यात आवडतो तो टप्पा सतराव्या शतकातला. त्या काळी पोर्तुगालच्या चर्चमध्ये वेदीच्या पुढच्या बाजूला भारी कापड लावत, आणि त्यात हिंदुस्थानातून गेलेले छापील सुती कापडही असे. कापड विटते, फाटते. म्हणून त्याच वेलबुट्ट्या, तेच पक्षी, त्याच झालरी टाइल्सवर रंगवून घेतल्या गेल्या. लिस्बनच्या टाइल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात असे नमुने जपलेले आहेत. आपल्या छिपीने ठशाने उठवलेली वेल तिकडच्या चर्चमध्ये जाऊन भाजली गेली. आता सांगा, त्या वेलीला परकी म्हणून उखडायचे की घरची म्हणून घरात घ्यायचे?

इथले पुरावेही पायाखालीच आहेत. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत फिरताना सगळ्यांची नजर मनोऱ्याकडे जाते. खाली, छप्पर गेलेल्या कपेलांच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांच्या, भिंतींवर टाइल्सचे अवशेष आहेत, तिकडे फार थोडे बघतात. त्या चर्चची कमान १८४२ मध्ये कोसळली. तेव्हापासून इतके पावसाळे अंगावर घेऊनही जो निळा टिकला आहे, तो कोबाल्टचा. पणजीत आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या टाइल्स सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या जॉर्ज कोलासो या चित्रकाराच्या, १९३५ मधल्या. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या साव बेन्तो रेल्वे स्थानकावरच्या सुमारे वीस हजार टाइल्स रंगवल्या तोच हा. पण ती चित्रे आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. कौशल्याला हात जोडावेत असे काम, तरी नक्षी आखणाऱ्याला त्यात शिकण्यासारखे कमी. नक्षीचे शिक्षण मिळते ते सेंट ऑगस्टीनच्या तुकड्यांत.

आणि तुळशी वृंदावनांत. फोंडा, तिसवाडी, बार्देशातल्या जुन्या घरांपुढची वृंदावने जवळून पाहा. उठावाची गुलाबी, हिरवी, मधाळ फुले असलेल्या त्या चौकोनी टाइल्स बहुतेकांना पोर्तुगीज वाटतात. सुटी टाइल उलटून बघितली तर मागे ‘मेड इन जपान’ असे साच्यातच उठवलेले सापडते. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात या जपानी टाइल्स जहाजे भरभरून हिंदुस्थानात आल्या. आपल्या देवदेवतांची चित्रे उठवलेल्याही आल्या. त्यांचे तंत्र वेगळे. तिथे कुंचला नाही. कोरडी माती साच्यात दाबून उठाव काढायचा आणि त्यावर पारदर्शक रंगीत काच ओतायची. खळग्यात काच जाड साचते तिथे रंग गडद, उंचवट्यावर फिका. अशा टाइलची नक्षी उतरवायला कागद-पेन्सिलच पुरे. वर बटर पेपर धरून शिसे आडवे फिरवले की पाकळी न् पाकळी उमटते. घरातल्या लाद्या तिसऱ्याच जातीच्या: सिमेंटच्या, दाबयंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या, झिलई नसलेल्या. स्वदेशीच्या काळात, १९२२ पासून, मुंबईतही त्या होऊ लागल्या होत्या. या तिन्हींना सरसकट ‘पोर्तुगीज टाइल’ म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे येते, आणि पहिला अर्धा तास यातच जातो.

आता नक्षी आखणे म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे निविदेतला दर हास्यास्पद का ते कळेल. जुन्या भिंतीवर दिसते ते पूर्ण फूल बहुधा एका टाइलवर नसते. टाइलवर असतो त्याचा पाव हिस्सा. एकच टाइल चार वेळा पाव पाव वळसा देऊन बसवली की फूल पुरे होते. सोपे वाटते. पण वळवल्यावर रेघ रेघेला भिडायची तर दोन लगतच्या कडांवर ती कोपऱ्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर बाहेर पडावी लागते. समोरच्या कोपऱ्यातही तेच. म्हणजे चारही कडांचा हिशेब आधी आणि फुलाची हौस नंतर. शिवाय हातची टाइल वाळताना आणि भाजताना आकसते, सगळ्या सारख्या आकसत नाहीत. मध्ये सांध्याची फट येते. म्हणून कडेला समांतर बारीक रेघ कधी घेऊ नये. मिलिमीटरचा फरक लगेच डोळ्यांत खुपतो. रेघांनी कड काटकोनात ओलांडावी, मग थोडे मागेपुढे खपून जाते. जुन्या कारागिरांनी हे पाळलेले दिसते. छापणाऱ्यांना त्याची गरज नसते, त्यामुळे त्यांना ते दिसतही नाही.

मग खाका. कागदावर पक्की रेघ काढायची, सुईने तिच्यावर भोके पाडायची, तो कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची; दारातल्या रांगोळीच्या छापाचेच हे तंत्र. खाली असते एकदा भाजलेली, बिस्कीट झालेली टाइल आणि तिच्यावर न भाजलेल्या ग्लेझचा, म्हणजे झिलईचा, थर, हाताला खडूच्या भुकटीसारखा लागणारा. जुने लोक या थराला दुधाळ पांढरेपणा यावा म्हणून कथलाचे ऑक्साइड घालत. आज ते महाग, म्हणून बहुतेक जण झिर्कोनियमवर भागवतात. त्याचा पांढरा जरा कडक वाटतो मला, पण काम निभते. शिसे मात्र आम्ही भट्टीत येऊ देत नाही, जुन्या पाककृतीत कितीही लिहिलेले असो. हा कोरडा थर कुंचल्यातले पाणी क्षणात ओढून घेतो. मारलेला फटकारा मागे घेता येत नाही, खोडता येत नाही. कोबाल्ट लावताना मळकट जांभळा दिसतो, तांब्याचा हिरवा काळा दिसतो. खरे रंग हजार अंशांच्या आसपास भट्टी गेली आणि थंड होऊन उघडली की मगच. तांबे तर वाफेवाटे शेजारच्या टाइलवरही जाऊन बसते. त्यामुळे कुणाच्या शेजारी कोण, हेही ठरवावे लागते. शेवटी प्रत्येक टाइलच्या पाठीवर ओळीचे अक्षर आणि आकडा घालायचा, नाहीतर गवंडी आपल्या मनाने नवीच नक्षी तयार करतो.

आपल्या नक्षीचे म्हणाल तर माझी सगळी भिस्त कावीवर आहे. मोरजीच्या मोरजाई देवळात ही कला अजून बघायला मिळते: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा काढायचा. कर्कटकाने आखलेली सहा पाकळ्यांची फुले, वेली, पक्षी. लोक मला म्हणतात, घे ना ते आणि रंगव टाइलवर. अडचणी दोन. पहिली, तांबडा. कथलाच्या पांढऱ्यावर लोहाचा तांबडा रंग नीट उठत नाही, पिवळट तपकिरी होतो. जुन्या पोर्तुगीज टाइल्सवर तांबडा जवळजवळ दिसत नाही तो यामुळेच. म्हणून कावीसाठी मी कुंचलाच ठेवून दिला. पांढऱ्या टाइलवर लोहयुक्त मातीची पातळ राबडी चढवते, ती अर्धी सुकली की सुईने खरवडते आणि वरून पारदर्शक ग्लेझ देते. देवळातला तांबडा येत नाही. थोडा काळपट, पिकल्या चिंचेच्या अंगाचा येतो. पण खरवडण्याची जी धार असते ती येते, आणि कावीचा जीव त्या धारेत आहे.

दुसरी अडचण भूमितीची. सहा पाकळ्यांचे फूल चौकोनी टाइलशी जुळत नाही. त्याच्या रेघा साठ अंशांनी जातात. वरच्या कडेला भेटतात तिथे बाजूच्या कडेला भेटत नाहीत, टाइल वळवली की तुटतात. मग फूल मध्येच वर्तुळात बंदिस्त ठेवायचे आणि चार कोपऱ्यांत पाव-पाव पान देऊन पुढचा धागा त्या पानांनी ओढायचा. माट्टीच्या फळाचेही तसेच. आपल्या राज्यवृक्षाचे हे फळ चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधतो. त्याला पाच पंख. पाचाचा तारा चौकोनात कशाला बसतोय! पण बसवण्याची जी ओढाताण होते, तिच्यातूनच नवी नक्षी निघते. जायांच्या फातीचा, म्हणजे जाईच्या गुंफलेल्या माळेचा, काठ मात्र पहिल्याच आखणीत जमला. फाती मुळातच एकाच दिशेने सरळ जाणारी. तो काठ मी कुणालाही फुकट देते, म्हार्दोळच्या जायांवर माझा एकटीचा काय हक्क?

काही नमुन्यांना हात लावू नये असेही माझे मत आहे. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेले ते चक्राकार कोडे चहाच्या कपाखालच्या टाइलवर येऊ लागले आहे. त्याची पुनरावृत्ती होत नाही, ते एकच आहे आणि जमिनीवरच शोभते. आणि पोर्तुगालचा तो रंगीत कोंबडा, बार्सेलोशचा, गोव्याची आठवण म्हणून दुकानोदुकानी विकतात. पर्यटक तो घेऊन दिल्लीला जातात. जाऊ देत बापडे. पण आपल्या मुलांना तो गोव्याचा कोंबडा वाटू लागला आहे, याचे काय करायचे?

आता मुद्द्यावर येते. फोंड्याजवळ एक मोठे घर पाडत होते. वृंदावन फुटलेले, व्हरांड्यातल्या लाद्या पहारीने उचकटलेल्या. मी चार टाइल्स मागितल्या. मुकादम भला माणूस. म्हणाला, “बाय, जाय जाल्यार व्हर, ना जाल्यार हांव भरावाक घालतां.” (हव्या तर ने, नाहीतर मी भरावाला घालतो.) घरमालकांना दोष देत नाही. भावंडे विखुरलेली, छप्पर गळते, दुरुस्तीला पैसा लागतो. घर पाडणे हा त्यांचा निर्णय. पण पाडण्याआधी अर्धा दिवस कुणी मोजपट्टी लावून फोटो काढले असते, दोन-चार नमुन्यांचा ठसा घेतला असता, तर कुणाचे काही बिघडले नसते.

म्हणून विनंती अशी, की जुने घर पाडायचा परवाना पंचायत किंवा पालिका देते, तेव्हाच अर्जासोबत जमीन, भिंत, वृंदावन आणि कठडे यांचे फोटो घ्यावेत, शेजारी पट्टी ठेवून, समोरून काढलेले. पणजीत आल्तिन्होला कला महाविद्यालय आहे, वास्तुशास्त्र महाविद्यालयही आहे. तिथली मुले मोजमापाची रेखाचित्रे अभ्यासक्रमासाठी काढतातच. दरवर्षी काही मुलांनी पाडायच्या घरांची काढावीत. सगळे कागद पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ठेवावेत, जुनी मराठी वृत्तपत्रे जपली जातात तसे, आणि कुणालाही बघू द्यावेत. घराचे नाव नको असेल तर फक्त गावाचे घालावे. यासाठी नवे महामंडळ काढू नये, एवढे मात्र हात जोडून सांगते.

दुसरे निविदांचे. आखणीचे पैसे वेगळे आणि टाइलचे वेगळे लिहावेत. हस्तनिर्मित हवी असेल तर ‘न भाजलेल्या ग्लेझवर हाताने रंगवून भट्टीत भाजलेली’ असे स्पष्ट लिहावे. छापील चालत असेल तर तसे लिहावे, त्यात कमीपणा नाही, पण नक्षी तरी आखून घ्यावी. तरुण कारागिरांनीही ध्यानात ठेवावे की जुनी नक्षी कुणाच्या मालकीची नसते, तिच्यावरून तुम्ही आखलेली नवी मात्र डिझाइन कायदा २००० खाली नोंदवता येते: दहा वर्षे, आणि पुढे पाच वाढवून मिळतात. नोंद विकायला काढण्याआधी करावी लागते, प्रदर्शनात मांडून झाल्यावर नव्हे.

आणि बसवणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण याचा भुर्दंड शेवटी टाइलवर येतो. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी वर ओढते. त्या भिंतीवर थेट पक्क्या सिमेंटने टाइल थापली की पाण्यासोबत आलेला क्षार अडकतो आणि ग्लेझला मागून ढकलतो. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, आणि लोक म्हणतात टाइल वाईट होती. चुन्याचा गिलावा घ्या किंवा मागे हवा खेळेल असा पाट ठेवून त्यावर टाइल्स बसवा. मोडायची वेळ आली तर सुट्याही होतील.

नावपाट्यांचे विचाराल तर आहेत त्या चांगल्या भाजलेल्या असतील तर राहू द्याव्यात. नवीन बसवायच्या असतील तेव्हा नाव देवनागरीतही घालावे आणि भोवतीची चौकट इथल्या कुणाकडून आखून घ्यावी. कावीची एक चौकट माझ्याकडे तयार आहे, कुणाला हवी असल्यास.

आमच्या वाड्यावरचे एक जुने घर येत्या महिन्यात उतरणार आहे. व्हरांड्याच्या कठड्यावर जपानी टाइल्सच्या ओळी आहेत आणि माजघरात सिमेंटच्या लाद्यांची दोन वेगळी जाजमे. मालकांनी नक्षी उतरवून घ्यायला आनंदाने होकार दिला आहे. रविवारी सकाळी आठपासून आम्ही तिथे असू. मोजपट्टी, बटर पेपर आणि मऊ शिसाची पेन्सिल घेऊन ज्यांना यायचे त्यांनी यावे. पत्ता आपल्या कार्यालयात कळवून ठेवला आहे, चहा आमच्याकडे.

आपली,
एक टाइल रंगवणारी वाचक
म्हार्दोळ, फोंडा